रक्त पिणाऱ्यांची फळी

वडील गेल्यावर धुळ्यातलं आमचं भाड्याच्या पुस्तकांचं वाचनालय माझ्या गळ्यात पडलं. भाऊ पुण्यात नोकरीला, आणि मी लग्न न केलेली, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामी. दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे आणि रस्त्यापलीकडे एक खाजगी दवाखाना. त्यामुळे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं: गल्लीतले जुने वाचक, आणि पेशंटजवळ बसून कंटाळलेले नातेवाईक. हे नातेवाईक येताना काहीतरी हलकंफुलकं द्या म्हणतात आणि जाताना भुताखेताचं घेऊन जातात. असं का, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. माझा भुतांवर विश्वास नाही, पण दुकान बऱ्याच अंशी त्यांच्यावर चालतं, म्हणून मी त्यांच्याविषयी वाईटही बोलत नाही.

भुतांच्या कपाटात सगळ्यात खालची फळी रक्त पिणाऱ्यांची. ती वडिलांनी वेगळी लावली होती. मुंजा, हडळ, चकवा ही आपली घरची मंडळी, आणि हे व्हॅम्पायर लोक परगावहून आलेले पाहुणे. दोघांना एका पंगतीत बसवू नये, असं त्यांचं म्हणणं. डावीकडे सगळ्यात जुनी पुस्तकं, उजवीकडे नवी. मी त्यात भर घालत गेले, पण क्रम मोडला नाही.

एके दिवशी दुपारी एक मुलगी आली आणि सरळ त्या फळीसमोर बसली. मला वाटलं दहावीची असेल. बोलायला लागली तेव्हा कळलं की पंचविशी गाठलेली आहे. कपडे चांगल्या घरचे, बोलणं स्वच्छ, मधूनच एखादा हिंदी शब्द. डावीकडचं पहिलंच पुस्तक काढून तिने टेबलावर ठेवलं.

मी पत्ता विचारला. ती जळगावची निघाली.

“बाहेरगावच्यांना पुस्तक देत नाही मी,” मी म्हटलं. “एकदा गेलेलं परत येत नाही.”

“मी येते ना परत,” ती म्हणाली. “मला यावंच लागतं.”

तिच्या हाताच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी होती, सलाईन काढल्यावर लावतात तशी. दवाखान्यासमोर दुकान असलं की माणसाला या पट्ट्या वाचता येतात. मी पुस्तक दिलं, आणि ते तीन आठवड्यांनी परत आलं. तिने दुसरं नेलं. आमच्याकडे आठवड्याची मुदत असते, पण तिच्याकडून दंड घ्यायचं मी लवकरच सोडून दिलं. बाकीचे वाचक मला अक्का म्हणतात हे ऐकून तीही अक्का म्हणायला लागली.

आजाराचं तिने स्वतःच सांगितलं, आणि तेही पावसापाण्याचं सांगावं तसं. थॅलेसेमिया. अंगात रक्त तयार होतं पण टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याच्या रक्ताची पिशवी लावून घ्यायची, जन्मभर. वाढही त्यामुळेच खुंटलेली. जळगावात काय दवाखाने नाहीत का, असं मी विचारलं, तर ती हसली.

तिचं घर जळगावातल्या जुन्या व्यापारी कुटुंबांपैकी. पणजोबा मारवाडातून आलेले, दुकान मोठं, समाजात मान. घरात दोन मुली, ही थोरली. जळगावात रक्त लावायला गेलं तर दवाखान्यातलं कोणी तरी ओळखीचं निघणार, समाजात कळणार, आणि मग धाकटीला स्थळ कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून ती एस.टी.ने धुळ्याला यायची. लोकांना सांगायचं, मामीकडे जाते. दमलेली असली तरी एस.टी.नेच, कारण घरची गाडी वरचेवर धुळ्याला जाताना दिसली तर कोणी तरी विचारणार.

मला हे ऐकून राग आला होता. पण लोकांच्या घरात बोलायची माझी पद्धत नाही, आणि ती तर ही गोष्ट जुनी ओळखीची असल्यासारखी सांगत होती. मी चहा मागवला.

ती फळी वाचत डावीकडून उजवीकडे चालली होती आणि वाचलेल्यावर बोलायला तिला दुसरं कोणी नव्हतं. मीही ती सगळी पुस्तकं वाचलेली. दुकानदाराला दुपारी दुसरं काम काय असतं?

सगळ्यात जुन्या पुस्तकांतला रक्त पिणारा म्हणजे निव्वळ ओंगळ प्राणी. इंग्रजीवरून आणताना आपल्या लेखकांनी त्याला कुठल्या तरी पडक्या किल्ल्यातला सरदार केलेलं. नखं वाढलेली, तोंडाला मातीचा वास. तो बोलतो फार थोडं. बाकीचे सगळे त्याच्याविषयी बोलत असतात, त्याला कसा मारायचा याचे बेत करत असतात. त्याला लसूण चालत नाही, हे मूळच्या गोष्टींतलं कलम. पण आपल्याकडे ते कसं चालायचं? खान्देशात लसणाच्या चटणीवाचून भाकरी घशाखाली उतरत नाही. मग तर त्याने एकाही घराकडे फिरकायलाच नको. म्हणून रूपांतर करणाऱ्यांनी लसूण काढून अंगारा घातला.

“आमच्या घरात कांदाही नाही आणि लसूणही नाही,” ती म्हणाली. “आम्ही जैन. जळगावात त्याला निर्धास्त उतरता येईल असं घर आमचंच.”

त्यानंतरची पातळ कागदाची, भडक मुखपृष्ठांची पुस्तकं. त्यांत रक्त पिणाऱ्या बायका आल्या. पांढरी साडी, मोकळे केस, आणि आतल्या मजकुराशी मुखपृष्ठाचा काहीही संबंध नाही. त्याच काळात काही लेखकांना समाजाची कळकळ लागली आणि रक्त पिणारा गिरणीमालक झाला, कंत्राटदार झाला. धुळ्यात ही पुस्तकं फार चालली. गिरणीतली माणसं ती आपल्या साहेबाला डोळ्यांसमोर आणून वाचत असणार, असं वडील म्हणायचे. पुढे एक लाट आली ती डॉक्टरांची. त्यांत प्रत्येक गोष्टीत शेवटी कोणी तरी सूक्ष्मदर्शक काढतो आणि सांगतो की हा शाप नव्हे, हा रक्ताचा विकार.

त्या लाटेतल्या एका पुस्तकावर ती बराच वेळ बोलली. “याच्यात रोग सापडतो,” ती म्हणाली, “आणि सापडल्यावर काय करतात? तरी मारतातच.”

फळीच्या उजव्या टोकाला आल्यावर सगळं बदलतं. तिथला तरुण आहे, देखणा आहे, कॉलेजात जातो. माणसाच्या रक्ताला शिवत नाही, जनावरावर भागवतो, आणि मुलीवर प्रेम बसल्यावर तेही सोडायला निघतो. ही पुस्तकं मुली नेतात, आणि परत आणताना पानांच्या कडा दुमडलेल्या असतात. आणि अगदी अलीकडची आहेत त्यांत तर तो स्वतःच गोष्ट सांगतो, मी मी करत. त्याची नोकरी असते, भाड्याची खोली असते, रक्त पेढीतून पिशवीने येतं आणि ते तो फ्रीजमध्ये ठेवतो. त्याचं दुःख एवढंच असतं की हे कोणाला सांगता येत नाही.

आमचे एक जुने वाचक आहेत, एस.टी.तून निवृत्त झालेले चालक, सगळे त्यांना नाना म्हणतात. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव त्यांचं. भुताखेताखेरीज दुसरं काही वाचत नाहीत. उजव्या टोकाचं एक पुस्तक, ज्यात तो मुलीला विचारून मगच तिचं रक्त पितो, ते त्यांनी दोन दिवसांत परत आणून आपटलं.

“अक्का, हाऊ इचारीसन रगत पेस,” ते म्हणाले. “हाऊ भूत शे का जवाई शे?”

ती तेव्हा दुकानातच होती. ती एवढी हसली की तिला धाप लागली आणि मला तिला पाणी द्यावं लागलं. नाना गोंधळले. मग तेही बसले आणि त्यांच्या गावचं सांगायला लागले. त्यांच्या लहानपणी गावात एका बाईला डाकीण ठरवलं होतं. नवरा मेलेला, मूल नाही, पोटापुरती जमीन. कोणाचं पोर पांढरं पडून मेलं की हिने रक्त ओढलं म्हणायचे. एके वर्षी तिला मारून गावाबाहेर काढलं. ती पुढे कुठे गेली ते नानांना ठाऊक नाही. जमीन मात्र दिराने कसायला घेतली.

“पुस्तकमा रगत पेनारा बठ्ठा वाडावाला,” नाना म्हणाले, म्हणजे सगळे वाड्यांतले श्रीमंत. “गावमा ते गरीब बाईच ऱ्हास.”

नाना गेल्यावर तिने त्यांनी आपटलेलं पुस्तक उचलून फळीवर परत लावलं. मग म्हणाली, “पांढरी पडणारी पोरं माझ्यासारखीच असतील, अक्का. दुसरं काय?” मला तसं सुचलं नव्हतं. सातपुड्याच्या पट्ट्यात रक्ताचे आजार आहेत हे मी ऐकून होते, पण त्या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

या सगळ्या लेखकांवर तिचा एकच आक्षेप होता, की यांच्यापैकी कोणालाच कधी रक्त कमी पडलेलं नाही. “सगळे भूक लिहितात,” ती म्हणायची. “भूक नसते हो. धाप असते. तिसऱ्या आठवड्यात जिना दिसला तरी रडू येतं. आणि रक्त गरम लिहितात. मला लावतात ते थंड असतं, पेटीतून काढलेलं. दंडापर्यंत गार चढत जातं.” हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या स्वयंपाकिणीने पुस्तकातली पाककृती तपासावी, तसं ती ते तपासत होती.

मग धाकटीचं लग्न ठरायला आलं. नेमकं स्थळ आलं ते धुळ्याचंच, कापडाचे व्यापारी, आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. वडिलांनी थोरलीला सांगितलं, आता धुळं बंद, यापुढे नाशिक.

“नाशिकला जाईन मी,” ती मला म्हणाली. “नाशिकचं काही नाही. पण धाकटीची तपासणी केलेली नाही.”

मग तिने मला समजावलं. हा आजार आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याचं त्यालाही कळत नाही. तिचे आईवडील तसेच होते. धाकटीही तशी असू शकते. होणारा नवराही तसा निघाला तर त्यांच्या पोटी हिच्यासारखं मूल येण्याची भीती. डॉक्टरांनी वडिलांना तीनदा सांगून झालं होतं. वडिलांचं म्हणणं, तपासायला सांगितलं की का ते सांगावं लागेल, आणि का ते सांगितलं की स्थळ गेलं.

“गोत्रं पाहिली?” मी विचारलं.

“सगळी. पप्पांचं, मम्मीचं, दोन्हीकडच्या आज्यांचं. एक रक्त जुळू नये म्हणून आमच्यात चार गोत्रं टाळतात.” तिने चार बोटं मोजून दाखवली. “रक्त तेवढं कोणी पाहिलं नाही.”

धाकटीशी बोललीस का, असं मी विचारलं. बोलली होती. धाकटी रडली आणि म्हणाली की तुझं झालं नाही म्हणून माझंही होऊ नये असं तुला वाटतं. हे सांगताना मात्र तिचा आवाज बदलला. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, आणि मी फिरवला.

तिच्या घरचा एक रिवाज होता. दर वर्षी आजोबांच्या पुण्यतिथीला वडील जळगावात रक्तदान शिबिर घ्यायचे, समाजाच्या भवनात. दाते रांग लावायचे. वडील आजोबांच्या फोटोला हार घालायचे, दात्यांना स्टीलचा डबा द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा. स्वतः मात्र कधी रक्त देत नसत, कारण हिमोग्लोबिन दर वेळी कमी भरायचं आणि त्यावर सगळे मिळून हसायचे. थोरलीने त्या दिवशी घरी राहायचं, हेही ठरलेलं. भवनात रक्तपेढीची माणसं असतात, त्यांतलं कोणी तिची चण आणि चेहरा बघूनच आजार ओळखेल म्हणून.

“रविवारी शिबिर आहे, जळगावला या,” ती म्हणाली. “धुळ्याची मंडळी पण येणार आहेत. मी भवनात जाणार आहे. ओळखीचं कोणी तरी समोर असलं तर बरं पडेल.”

मी दुकान बंद ठेवून गेले. पारोळ्यापर्यंत उभ्याने, तिथे जागा मिळाली. भवनात पंखे होते, खुर्च्या होत्या, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू होते. मी मागच्या रांगेत बसले. तिचे वडील मी पहिल्यांदाच पाहत होते. मनात मी त्यांना कुठल्या रूपात पाहत होते ते सांगत नाही, पण समोर होते ते एक दमलेले, मऊ बोलणारे गृहस्थ, प्रत्येक दात्याला वाकून नमस्कार करणारे. होणारा जावई खाटेवर आडवा होऊन रक्त देत होता. त्याची आई शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

थोरली सरबताचा ट्रे घेऊन आली. वडिलांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला, पण पाहुण्यांसमोर ते काही बोलू शकले नाहीत.

मुलाच्या आईने पेला घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “एवढं रक्त गोळा होतं, जातं कुठे हो?”

“समाजाच्या सेवेला,” वडील म्हणाले.

“मला लागतं ते,” थोरली म्हणाली.

तिने ते सरबत घ्या म्हणावं तशा आवाजात सांगितलं. मग ट्रे खाली ठेवून बाकीचं सांगितलं: आजाराचं नाव, तीन आठवडे, तो आईबापाकडून येतो, बहिणीची तपासणी झालेली नाही. चारपाच वाक्यांत झालं. आजूबाजूच्या दोन खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या.

“बेटा, घरी जा,” वडील म्हणाले. ते रागावले नव्हते, विनवत होते. ती गेली नाही.

खाटेवरचा मुलगा सुई दंडात असतानाच म्हणाला, “तपासायला किती रक्त लागतं?”

“चमचाभर,” ती म्हणाली. “तुम्ही इथे पिशवीभर देताय.”

तपासणी दोघांचीही झाली, त्याच आठवड्यात. दोघंही तसेच निघाले. डॉक्टरांनी सांगितलं की म्हणून लग्न करता येत नाही असं नाही, गरोदरपणात वेळेवर तपासून घेता येतं. पण दोन्ही घरांनी हात वर केले. मुलाकडच्यांनी गोड शब्दांत निरोप पाठवला. हे मला थोरलीने पुढच्या खेपेला सांगितलं. नाशिकचा विषय आता उरलाच नव्हता. जगाला कळलं होतं, तेव्हा जळगावात रक्त लावायलाही हरकत नव्हती, पण तिचे डॉक्टर धुळ्याचे, सवयीचे, म्हणून धुळंच राहिलं.

“धाकटी बोलत नाही माझ्याशी,” ती म्हणाली. “तिला तो आवडला होता. खरंच आवडला होता.”

“राग जाईल,” मी म्हटलं.

“नाही गेला तरी चालेल.”

तिने शेवटच्या टोकाचं एक पुस्तक नेलं, मी मी म्हणणारं. त्यानंतरच्या खेपेला ती आलीच नाही. तिच्याऐवजी एक उंच, चांगल्या अंगाची मुलगी रस्ता ओलांडून आली आणि तेच पुस्तक तिने माझ्यासमोर ठेवलं. नाकाची ठेवण पाहून मी ओळखलं.

“ताईने पाठवलंय,” ती म्हणाली. “तिला लावलंय, म्हणून ती येत नाही.”

“वाचलंस का तू?”

“थोडं. बसून बसून कंटाळा आला म्हणून. किती रडतं हो ते.”

“बोलायला लागलीस तर मग तिच्याशी?”

“नाही.” तिने मान वळवून दवाखान्याकडे पाहिलं. “पिशवी संपली की नर्सला हाक मारायला कोणी तरी लागतं, म्हणून येते. आधी मामी बसायची ना, आता तिचं वय झालं.”

“मामी?” मी विचारलं. तिला ते खटकलं असावं.

“मामीच बसायची ना?” तिने विचारलं. “घरी ताई तसंच सांगायची.”

“मी कोणाला पाहिलं नाही,” मी म्हटलं. “ती एकटीच यायची, आणि एकटीच जायची.”

ती टेबलाला धरून उभी राहिली. दुसरं पुस्तक हवं का, असं मी विचारलं, ते तिला ऐकू गेलं नाही. मग एकदम म्हणाली, “संपत आली असेल पिशवी,” आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या न बघता रस्त्यापलीकडे गेली.